वऱ्हाडची होडी खाडीत

आमच्याकडच्या नद्या एकाच दिशेला वाहतात, आणि वर्षातले बरेच महिने त्याही वाहत नाहीत. गेलेलं पाणी त्याच दिवशी, त्याच वाटेने, उलट्या दिशेने परत येतं, हे मी अमरावतीच्या एका शाळेत इतकी वर्षं फळ्यावर चंद्र-सूर्य काढून शिकवत आले आहे. मुलांनी ते पाठ केलं, पेपरात लिहिलं, आणि माझ्यासारखंच कधी पाहिलं नाही. त्यामुळे कोकणातल्या एका खाडीत होणाऱ्या वल्हवण्याच्या शर्यतीचं आमंत्रण आमच्या मंडळाला आलं, तेव्हा सुकाणूवर मला बसवायचं हे मला न विचारताच ठरून गेलं. मी भूगोलाची, शिवाय वजनाने हलकी. यातलं दुसरं कारण खरं होतं आणि पहिलं तोंडदेखलं, हे नंतर कळलं.

आमचं मंडळ म्हणजे शहराबाहेरच्या तलावावर रविवारी सकाळी जमणारी काही प्रौढ माणसं आणि एक जुनी फायबरची होडी. चौघांनी वल्ही मारायची, पाचव्याने मागच्या टोकाला बसून सुकाणू धरायचं. आमचे कप्तान प्रभाकर गावंडे. ते नांदगाव पेठेच्या एका कापड कारखान्यात सुपरवायझर आहेत. मशिनींच्या आवाजावर ओरडून बोलायची त्यांना सवय आहे, आणि तलावावर मशिनी नाहीत हे त्यांच्या अजून लक्षात आलेलं नाही. त्यांच्या पत्नी मंदाताई एकदा त्यांचा डबा घेऊन आल्या, एक माणूस कमी होता म्हणून वल्ह्यावर बसल्या, आणि मग उठल्याच नाहीत. तिसऱ्या शोभा तायडे, सरकारी दवाखान्यात परिचारिका. कमी बोलतात, आणि बोलतात तेव्हा समोरचा गोळी न चावता गिळतो. चौथे धोटे सर, अकोल्याला राहणारे, मातीचा अभ्यास करून निवृत्त झालेले प्राध्यापक. ते दर रविवारी अकोल्याहून पहिल्या बसने येत आणि होडीत बसण्याआधी तलावाकाठची माती चिमटीत धरून पाहत.

अकोला

आमंत्रणात एक अट होती. भरती-ओहोटीच्या पाण्यात उतरणाऱ्या प्रत्येक संघाने आधी सुरक्षा प्रशिक्षण घेतलेलं पाहिजे. विदर्भातल्या संघांसाठी ते अकोल्याला ठेवलं होतं. विदर्भातले संघ म्हणजे आम्हीच. एका मंगल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर आम्ही पाच जण जाऊन बसलो. पाणी कुठे आहे, असं धोटे सरांनी विचारलं, तर दारातल्या माणसाने त्यांना जिन्याखालचा माठ दाखवला.

प्रशिक्षण द्यायला स्पर्धेचे सुरक्षाप्रमुख लिमये साहेब स्वतः आले होते. इस्त्रीचे कपडे, गळ्यात शिट्टी. नियमावली त्यांनीच लिहिली होती आणि त्यांना ती तोंडपाठ होती. पडद्यावर एकामागून एक नियम येत गेले. भरती पूर्ण झाल्यावर पाणी थोडा वेळ थबकतं, तेवढ्यातच शर्यत व्हायची. ओहोटी लागल्यावर एकही होडी सुटणार नाही. होडी उलटली तर होडी सोडायची नाही, ती तरंगते, तिला धरून राहायचं. दुसऱ्या संघाची होडी उलटलेली दिसली तरी आपण थांबायचं नाही, कारण वाचवण्याचं काम फक्त बचावनौकेचं. जो संघ थांबेल तो बाद.

मग प्रात्यक्षिक झालं. सतरंजीवर चार प्लॅस्टिकच्या खुर्च्या उलट्या घातल्या आणि त्यांना धरून आम्हाला पालथं झोपायला सांगितलं. गावंड्यांचा फोन वाजला, त्यांनी तो घ्यायला एक हात सोडला, आणि लिमये साहेबांनी शिट्टी वाजवून गावंडे बुडाले असं जाहीर केलं. पोहता येतं का, याची परीक्षा हात वर करून घेतली. लाइफ जॅकेट एकच होतं, ते प्रसादासारखं सगळ्यांच्या हातून फिरलं. शोभाताईंनी त्याचं बक्कल ओढून पाहिलं तर ते त्यांच्या हातात आलं. हे फक्त दाखवायचं जॅकेट आहे, खरी तिकडे मिळतील, असं साहेब म्हणाले.

मी एकच शंका विचारली. काही कारणाने उशीर झाला आणि ओहोटी लागली तर काय करायचं? लिमये साहेबांनी माझ्याकडे वर्गातल्या नको त्या मुलीकडे पाहावं तसं पाहिलं. उशीर होणार नाही, म्हणाले. कार्यक्रमपत्रिका छापून झाली आहे.

खाडीकाठी

रेल्वेच्या दोन गाड्या आणि एका टमटमचा प्रवास मी इथे सांगत नाही. त्यात फक्त पाय आखडले, होडी तिकडचीच मिळणार होती. गावाचं नावही लिहीत नाही, कारण तिथल्या लोकांनी आम्हाला फार चांगलं जेवू घातलं आहे.

आम्ही दुपारी पोहोचलो तेव्हा खाडीत पाणी नव्हतं. म्हणजे मधोमध एक ओहोळ होता आणि दोन्ही बाजूंना चकाकणारा करडा चिखल, त्यात होड्या एका कुशीवर कलंडलेल्या. गावंडे बराच वेळ कठड्याशी उभे राहिले आणि म्हणाले, "इथंही पान्याची बोंब हाय मंग." मी त्यांना ओहोटी समजावून सांगितली. त्यांनी ऐकून घेतलं, पण विश्वास ठेवलेला दिसला नाही. धोटे सर तेवढ्यात खाली उतरून चिमूटभर चिखल घेऊन आले होते आणि आपल्या काळ्या मातीची ही दूरची बहीण आहे असं सांगत होते.

संध्याकाळी चहा पिऊन बाहेर आलो तर कलंडलेल्या होड्या सरळ उभ्या होत्या आणि पाणी पायऱ्यांना लागलं होतं. आवाज नाही, लाट नाही, कुणी सोडल्याचा भोंगा नाही. मी इतकी वर्षं शिकवलेला धडा माझ्या चपलेपर्यंत आला होता, आणि मला भीती वाटली, हे मी कुणाला सांगितलं नाही. मंदाताई मात्र पायरीवर बसून राहिल्या त्या जेवणापर्यंत. आपल्याकडे धरणाचं पाणी सोडायचं तर मोर्चा काढावा लागतो, इथे रोज दोनदा आपोआप येतं, एवढंच त्या म्हणाल्या.

आमचा मुक्काम सुलभाताई नावाच्या बाईंच्या घरी होता. त्यांनी तांदळाची भाकरी, तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सुकं आणि सोलकढी वाढली. ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या माणसाला तांदळाची भाकरी म्हणजे इस्त्री केलेली भाकरी वाटते. गावंड्यांनी सोलकढीचा रंग पाहून ती आधी नाकारली आणि मग तीन वेळा मागितली. शिंपल्यातलं खायला धोटे सर तयार होईनात. दुसऱ्या दिवशी एकादशी होती आणि त्यांनी उपवास आदल्या रात्रीपासूनच सुरू झाल्याचं जाहीर केलं.

नंतर देवळाच्या ओट्यावर तिन्ही संघांची ओळखपरेड झाली. मुंबईचा संघ सबंध वेळ आपसातच बोलला. पुण्याच्या संघाचे कप्तान जोगळेकर मात्र आपण होऊन आमच्याकडे आले. उंच, सडपातळ, मनगटावर हृदयाचे ठोके मोजणारं घड्याळ. अमरावतीला वल्हवण्याइतकं पाणी असतं का, असं त्यांनी अगदी मनापासून विचारलं. मंदाताई म्हणाल्या, मले पोहता येते तितकं असते. यावर जोगळेकरांनी प्रेमाने सांगितलं की 'मले' नव्हे, 'मला'. मंदाताईंनी मान हलवली आणि विचारलं, बुडताना मानूस कोनतं म्हनते? जोगळेकर हसले. त्यांना तो विनोद वाटला.

शर्यत

शर्यतीची जागा सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. सुरुवात वरच्या अंगाला, जुन्या तरीच्या, म्हणजे पलीकडे नेणाऱ्या होडीच्या, धक्क्यापासून. मध्ये एक दगडी खांबांचा पूल. पुलाच्या दोन खांबांमधून निघून खाली जेटीपर्यंत यायचं. जेटीवर मांडव, आणि तिथेच शेवटची रेषा. जेटीच्या पुढे खाडी वळते आणि समुद्राकडे जाते. वल्हवणाऱ्यांची तोंडं मागे असतात. जिकडे जायचं तिकडे पाठ, सोडून आलेलं तेवढं दिसतं. पुढचं फक्त सुकाणूवाल्याला दिसतं आणि त्याच्या हातात वल्हं नसतं. आपल्याकडची बरीचशी कार्यालयंही अशीच चालतात, त्यामुळे ही रचना मला कधी विचित्र वाटली नव्हती.

सकाळी नवाच्या सुमारास पाणी काठोकाठ भरून थबकलं. आम्ही होडीत बसून तयार होतो. प्रमुख पाहुणे यायचे होते. ते मुंबईहून निघाले आहेत, असं ध्वनिक्षेपकावरून सांगण्यात आलं. मग ते वाटेत एका ठिकाणी सत्कार घेत आहेत असं कळलं. मग दुसऱ्या ठिकाणी. आम्हाला होडीतून उतरवलं, सरबत दिलं, पुन्हा बसवलं. तोवर पूजेत खाडीला अर्पण केलेला नारळ, जो आतापर्यंत धक्क्यापाशी घुटमळत होता, हळूहळू पुलाकडे निघाला. त्याच्यामागून झेंडूचा हार निघाला. थोड्या वेळाने खांबांपाशी पाण्याला खळखळाट सुरू झाला.

मी उतरून लिमये साहेबांकडे गेले आणि ओहोटी लागल्याचं सांगितलं. त्यांनी पाण्याकडे पाहिलं, मग रस्त्याकडे पाहिलं. पाहुणे आता गावाच्या वेशीपर्यंत आले होते. नियम तुमचाच आहे, असंही मी म्हणाले. ते हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, पाहुण्यांसमोर रिकामी खाडी दाखवू का मी?" मला त्या क्षणी त्यांची कीव आली. त्यांना सगळं कळत होतं. त्यांच्या कपाळावर घाम होता आणि ते सारखी शिट्टी चाचपत होते.

परत आले तर शोभाताई जॅकेटं तपासत होत्या. खरी जॅकेटं अकोल्याच्या जॅकेटाचीच भावंडं निघाली. त्यांनी पिशवीतून पट्टीचं कापड काढलं आणि आम्हा पाचही जणांच्या जॅकेटांना मांडीखालून गाठी मारल्या. मग त्यांनी गावंड्यांना सांगितलं की आपण बसणार नाही. माणूस नाही म्हणाला तर संघ रद्द होतो, हे गावंड्यांना माहीत होतं. त्यांचा चेहरा पडला. कारखान्यात आठवडाभर लोकांनी त्यांना हसून हसून विचारलं होतं की साहेब, कोकणात बुडायला चालले का. इतक्या दूर येऊन होडीत न बसता परत गेलो तर ते हसणं जन्मभर पुरेल, असं ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच ओरडून म्हणाले नाहीत.

शोभाताईंनी पट्टीची उरलेली गुंडाळी पिशवीत टाकली. "बसते," त्या म्हणाल्या. "पन मॅडम थांबा म्हनल्या का थांबाचं. मंग कोनी वाद घालाचा नाही."

गावंड्यांनी मान डोलावली. मी नको म्हणायला हवं होतं. पुढचं दिसणारी मी एकटीच होते. पण सगळे माझ्याकडे पाहत होते आणि वर सनई सुरू झाली होती.

पाहुणे आले. त्यांना खाडी जवळून पाहायची इच्छा झाली, म्हणून त्यांना बचावनौकेतून फिरवून आणायचं ठरलं. सोबत फोटोवाले, दोन कार्यकर्ते आणि पुष्पगुच्छ. बचावनौकेत बचाव करणारे जे दोघे होते त्यांना जागा करण्यासाठी खाली उतरवलं. लिमये साहेबांनी शिट्टी फुंकली.

तलावावर आम्ही वल्हं मारतो तेव्हा होडी जाते. इथे आम्ही वल्हं उचलण्याआधीच होडी निघाली. आमच्या वाट्याला मधली रांग आली होती, आणि मधोमध ओढ सगळ्यात जास्त होती. त्यामुळे कुणाच्याही कसल्याही कौशल्याशिवाय आम्ही सगळ्यांच्या पुढे होतो. काठावरची झाडं बसमधून दिसावीत तशी मागे जात होती. गावंडे ताल देत होते, पण तो आमच्या कामाचा नव्हता, पाणी आपल्या तालाने नेत होतं. पूल अंगावर आला. मी सुकाणू दोन्ही हातांनी धरलं, डोळे मिटावेसे वाटले, मिटले नाहीत. खांब हाताच्या अंतरावरून गेला आणि आम्ही पलीकडे निघालो. समोर जेटी, मांडव, पताका आणि शेवटच्या रेषेची लाल दोरी. ध्वनिक्षेपकावर कुणीतरी अमरावती, अमरावती म्हणत होतं. लाजायचं कशाला, मला त्या क्षणी फक्त ती दोरी दिसत होती.

मंदाताईंचं तोंड मागे होतं. त्यांनी वल्हं मारायचं थांबवलं.

"मॅडम, थांबा. ते बुडाले."

मी वळून पाहिलं. पुण्याची होडी आडवी होऊन खांबाला चिकटली होती, पाणी तिच्यावर चढत होतं, आणि मी पाहतापाहता ती पालथी झाली. चार डोकी होडीला धरून वर आली. पाचवं थोडं दूर आलं. बचावनौका कुठे म्हणून मी पाहिलं. ती पलीकडच्या काठाला, खारफुटीजवळ होती, आणि पाहुण्यांना बगळे दाखवत होती.

मी थांबा म्हणाले. मला वाटलं गावंडे वाद घालतील. लाल दोरी फार जवळ होती. त्यांनी दोरी पाहिली नव्हती, पण ध्वनिक्षेपक ऐकला होता. त्यांनी मागे बुडालेल्यांकडे पाहिलं, तोंडातून एक अस्सल वऱ्हाडी शिवी काढली, ती पाण्याला होती की नशिबाला कोण जाणे, आणि उलटी वल्ही मारायला सुरुवात केली. आम्ही मागे जाऊ शकलो नाही, तेवढं बळ नव्हतं. पण पाण्यापेक्षा हळू जाऊ शकलो, आणि त्यामुळे पाण्याबरोबर येणारी माणसं आमच्याजवळ येत गेली. मुंबईचा संघ आमच्या बाजूने निघून गेला. ते आमच्याकडे पाहत नव्हते, नियमाप्रमाणे. जेटीवर बँड वाजू लागला.

वेगळं आलेलं डोकं जोगळेकरांचं होतं. आपलं वल्हं वाहून चाललं म्हणून ते पकडायला त्यांनी होडी सोडली होती. जॅकेटचं बक्कल तुटून जॅकेट तोंडावर चढलं होतं आणि त्यांचे हात नुसते वर हलत होते. मंदाताईंनी वल्ह्याचं पातं त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी ते धरलं आणि सोडलं. दुसऱ्यांदा धरलं तेव्हा ओरडले. काय ओरडले ते मी ऐकलं. व्याकरण कुठल्याच गावचं नव्हतं. शोभाताईंनी वाकून त्यांची कॉलर पकडली, होडी एका अंगावर झुकली, मी गावंड्यांना दुसऱ्या अंगाला रेलायला सांगितलं, आणि धोटे सरांनी व शोभाताईंनी मिळून तो लांबलचक माणूस आत ओढला. तो आमच्या पायांवर पडला आणि ओकू लागला. मग पालथी होडी आली, चौघांसकट. गावंड्यांनी तिची दोरी पकडली ती सोडली नाही. दोरीने त्यांचा तळहात सोलून निघाला.

आता आम्ही जेटीपुढून जात होतो आणि सगळे समुद्राकडे चाललो होतो. लोक टाळ्या वाजवत होते. त्यांना वाटलं हाही कार्यक्रमच आहे. मला वळण दिसत होतं. वळणाच्या आतल्या अंगाला नदी गाळ टाकते, हे नववीच्या पुस्तकात आहे, आकृतीसकट. मी आकृतीवर भरवसा ठेवला. सुकाणू पूर्ण फिरवलं, उजव्या बाजूला जीव खाऊन वल्ही मारा म्हणाले, आणि होडी सरकत सरकत मऊ काहीतरी कापत थांबली. मागची होडीही येऊन टेकली. दहाही डोकी मी दोनदा मोजली.

चिखल

थांबल्यावर लक्षात आलं की पाणी थांबलेलं नाही. ते उतरतच होतं. बघता बघता आमच्या चारी बाजूंना चिखल उघडा पडला आणि आम्ही आदल्या दिवशी पाहिलेल्या होड्यांसारखे कलंडून बसलो. दूरच्या बहिणीला भेटावं म्हणून धोटे सर खाली उतरले, मांडीपर्यंत गेले, आणि त्यांना परत वर काढायला आम्हाला जोगळेकरांना काढण्यापेक्षा जास्त कष्ट पडले. त्यांची एक चप्पल तिथेच राहिली.

पाहुण्यांना पोहोचवून बचावनौका आली. चिखलामुळे तिला जवळ येता येईना. लिमये साहेब त्यात उभे होते. त्यांनी भोंगा तोंडाला लावला आणि सांगितलं की घाबरू नका, जागेवरच थांबा. आम्ही जागेवरच थांबलो होतो. मग त्यांनी कुणाला इजा झाली आहे का विचारलं. शोभाताईंनी ओरडून सांगितलं की एकाच्या छातीत पाणी गेलं आहे, काठावर गाडी तयार ठेवा, दवाखान्याला आधी कळवा. भोंग्यातून उत्तर आलं की तशी तरतूद आहे. नौका निघून गेली. बक्षीस समारंभाची वेळ झाली होती.

पुढची दुपार शोभाताईंनी जोगळेकरांच्या छातीला कान लावून काढली. त्यांना कुशीवर निजवलं होतं, धोटे सरांचा कोरडा राहिलेला सदरा पांघरला होता. श्वास घेताना घरघर यायची. दर थोड्या वेळाने त्या त्यांना नाव विचारत, गाव विचारत, ते सांगत. एकदा सांगेनात, नुसते पाहत राहिले, आणि शोभाताईंचा चेहरा बदलला. त्यांनी त्यांना जोरात हलवलं, पाठीवर थापट्या मारल्या, मोठा खोकला आला, पाणी आलं, आणि मग ते पुणे म्हणाले. इतक्या आनंदाने मी पुण्याचं नाव कधीच ऐकलं नव्हतं.

माझ्या बसायच्या फळीखाली मंदाताईंनी प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून दशम्या आणि ठेचा ठेवला होता. होडीत खाद्यपदार्थ नेऊ नयेत असा नियम होता. विचारलं तर म्हणाल्या की अर्धा तास म्हणून सांगितलेलं काम अर्ध्या तासात झालेलं आपण पाहिलंच नाही कधी. जोगळेकर सोडून बाकीच्यांना दशम्या वाटल्या. धोटे सरांसाठी शेंगदाणे आणि गूळ वेगळा होता. पुण्याच्या मंडळींनी ठेचा खाल्ला आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यातलं किती मिरचीचं होतं ते मी विचारलं नाही. वाऱ्यावर लांबून भाषणं ऐकू येत होती. मुंबईच्या संघाला चषक मिळाला. उत्तम सुरक्षा व्यवस्थेबद्दल लिमये साहेबांना शाल आणि श्रीफळ देण्यात आलं. नियमभंग केल्यामुळे अमरावतीचा संघ बाद ठरवण्यात आल्याचंही जाहीर झालं. गावंडे ते ऐकत सोललेल्या तळहाताकडे पाहत बसले.

ऊन उतरलं तेव्हा पाणी आलं. आधी चिखलातल्या चिरा भरल्या, मग होडीखाली काहीतरी हललं. होडी सरळ झाली. गावंड्यांना वल्हं धरता येत नव्हतं, म्हणून त्यांच्या जागी, माझ्या समोर, मंदाताई बसल्या. सुकाणूसमोरच्या माणसाने ताल द्यायचा असतो. त्यांनी तोंडाने काही दिलं नाही, नुसतं वल्हं मारलं आणि बाकीच्यांनी त्यांच्यामागून मारलं. भरती आम्हाला वर नेत होती. गावंडे जोगळेकरांचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. जेटीवर मांडव उतरवणं चाललं होतं. सुलभाताई मात्र घरच्या चादरी घेऊन दुपारपासून पायरीवर उभ्या होत्या, आणि गाडीही होती. ती त्यांनीच भाच्याकडून मागवली होती. शोभाताई जोगळेकरांबरोबर दवाखान्यात गेल्या आणि रात्री त्यांचा निरोप आला की धोका टळला.

परतताना

दुसऱ्या दिवशी सकाळी लिमये साहेब आमच्याकडे आले. चहा घेतला. रात्री झोपले नसावेत. ओहोटी अपेक्षेपेक्षा लवकर लागली, असं अहवालात लिहावं लागेल म्हणाले. मी भूगोलाची शिक्षिका म्हणून त्यांना सांगितलं की ती चंद्राच्या वेळेवर लागली. त्यांनी मान खाली घालून सांगितलं की चंद्राचा सत्कार करायचा नव्हता हो, मॅडम. मग त्यांनी आपलं काम काढलं. वर्तमानपत्राला फोटो हवा होता. बचावनौकेसोबत.

जोगळेकर दवाखान्यातून सुटून थेट जेटीवर आले होते, चालताना भिंत धरत. लिमये साहेबांना त्यांचा बचावनौकेत बसलेला फोटो हवा होता, चादर पांघरून. जोगळेकर म्हणाले, मी बसेन, पण या दोघी माझ्या पुढे बसतील, आणि मला कुणी काढलं ते मी सांगेन. लिमये साहेबांनी हो म्हटलं. मंदाताई आणि शोभाताई पुढे बसल्या. जोगळेकरांनी सगळं सांगितलं, खोकत खोकत, नावांसह. वार्ताहराने ते लिहून घेतलं. निघताना जोगळेकरांनी मंदाताईंना नमस्कार केला आणि बराच वेळ हात जोडलेलेच ठेवले.

तिसऱ्या दिवशी पहाटे आमची गाडी अकोल्याच्या जवळ आली तेव्हा सगळ्यांचे फोन एकदम वाजू लागले. फोटो आमच्याकडच्या आवृत्तीतही आला होता. मोठा, रंगीत. खाली ओळ होती: खाडीत बुडताना सुरक्षा पथकाने वाचवलेल्या अमरावतीच्या दोन महिला. पुरुषाचं नाव नव्हतं. बातमीत प्रमुख पाहुणे त्या वेळी स्वतः बचावनौकेत हजर असल्याचा उल्लेख होता, आणि तो खोटा म्हणता येत नव्हता.

गावंड्यांचा आवाज परत आला. सबंध डबा जागा झाला. आत्ताच्या आत्ता पेपरच्या कचेरीत जातो, माफी छापायला लावतो, म्हणाले. धोटे सर उरलेल्या एका चपलेने अकोल्याला उतरले आणि फलाटावरून खिडकीला हात लावून म्हणाले, रविवारी येतो.

गाडी हलली. मंदाताईंचा फोन तोवर वाजतच होता. त्यांच्या आईचा होता, दर्यापूरकडच्या गावातून. आई रडत असावी, कारण मंदाताई बराच वेळ नुसतं हो, हो म्हणत होत्या. गावंडे हातवारे करून सांगत होते की खरं सांग, सगळं खरं सांग.

"नाही वो आई," मंदाताई म्हणाल्या. "आमी नाही बुडालो. आमी थांबलो होतो."

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. काहून थांबले, असंच असणार.

मंदाताईंनी खिडकीबाहेर पाहिलं. तुरीचं शेत गेलं, मग कोरडी नदी गेली. "मानसं येऊन राह्यली होती न मांगून," त्या म्हणाल्या, आणि चहा घेतला का म्हणून आईला विचारू लागल्या.